फ्रेझर आयलंड (गारी) – सहा वर्षांचा मुलगा आणि साठीपुढचे सासू-सासरे घेऊन जावं का?

अबोली_पुणे
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी ब्रिस्बेनला दिराकडे जायचंय. मी, नवरा, सहा वर्षांचा लेक आणि सासू-सासरे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, सासरे मात्र टुणटुणीत आहेत. दीर म्हणतोय गोल्ड कोस्टची थीम पार्कं सगळेच करतात, तुम्ही फ्रेझर आयलंडला चला (आता अधिकृत नाव गारी झालंय म्हणे). यूट्यूब बघितलं तर अर्ध्या व्हिडिओत निळंशार तळं आणि उरलेल्या अर्ध्यात वाळूत रुतलेल्या गाड्या नाहीतर डिंगोंनी (तिथले जंगली कुत्रे) पर्यटकांना चावल्याच्या बातम्या. नवरा म्हणतो तंबू ठोकून राहू, सासरे म्हणतात देवमासे बघायचेच, सासूबाई म्हणतात मला कुठंही न्या पण संडास स्वच्छ हवा. कुणी सहकुटुंब गेलंय का, स्वतः गाडी चालवायची का टूर घ्यायची, आणि मुलासाठी खरंच सेफ आहे का? उगाच 'मस्त आहे, जाऊन या' असं नको, डिटेलमध्ये सांगा प्लीज.

चिंचोका
मस्त आहे, जाऊन या.

पाणकावळा
चिंचोका 😀

अबोलीताई, मी ब्रिस्बेनलाच असतो आणि गारी हा आमच्या घरातला कायमचा भांडणाचा विषय आहे (मला दर लाँग वीकेंडला जायचं असतं, बायकोला नसतं), त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी एक समजून घ्या की हे रिसॉर्टवालं बेट नाही. १२० किलोमीटरपेक्षा लांब, जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, आणि त्यावर गावातला थोडासा भाग सोडला तर डांबरी रस्ता नाही. पूर्वेचा किनारा, ज्याला सेव्हंटी फाईव्ह माईल बीच म्हणतात, तोच हायवे. म्हणजे नुसतं म्हणायला नाही, खरोखरचा नोंदलेला रस्ता, ८० ची वेगमर्यादा, पोलीस स्पीडगन घेऊन उभे असतात, दारूची फुंकणी तोंडात देतात, आणि त्याच पट्ट्यावर छोटी विमानंही उतरतात, तेव्हा गाडीने बाजूला व्हायचं. आतले रस्ते म्हणजे जंगलातून गेलेल्या एका गाडीपुरत्या वाळूच्या चाकोऱ्या. तिथे दहा-बारा किलोमीटरला पाऊण तास सहज जातो आणि मागे बसलेल्याचं डोकं टपाला लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यापेक्षा कंबरेचा विचार आधी करा.

सगळा दिवस भरती-ओहोटी ठरवते. भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास बीचवर गाडी घालायची नाही, हा तिथला पहिला नियम. म्हणजे ओहोटी सकाळी ११ ला असेल तर साधारण ९ ते १ या वेळात लांबचा पल्ला मारून घ्यायचा आणि भरती चढली की आत तळ्याकाठी नाहीतर जंगलात. जे लोक 'ब्रेकफास्ट निवांत करू, मग निघू' म्हणतात तेच यूट्यूबवर दिसतात.

सेल्फ ड्राईव्हला हाय क्लिअरन्सची फोर व्हील ड्राईव्ह लागते. शहरातली भाड्याची साधी एसयूव्ही चालत नाही आणि बहुतेक करारात वाळूवर न्यायला चक्क मनाई असते, समुद्राच्या पाण्याने गेली तर इन्शुरन्स हात वर करतो. हर्वी बे आणि रेनबो बीच या समोरच्या किनाऱ्यावरच्या गावांत खास या बेटासाठीच्या गाड्या भाड्याने मिळतात, त्या घ्या. बेटावर उतरायच्या आधी टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची. हे फार महत्त्वाचं आहे, कारण रुतणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांची हवा पूर्ण असते. मागच्या खेपेला इंडियन हेडच्या बायपासवर (उत्तरेकडे एक खडकाचा कडा आहे, त्याला वळसा घालणारी मऊ वाळूची चढण) एक कुटुंब अडकलेलं बघितलं, वडील ॲक्सिलरेटर दाबतायत, मुलं ढकलतायत, चाकं अजून खोल. मागून आलेल्या एका आजोबांनी काही न बोलता चारी टायरांची हवा सोडली, चाकांपुढची वाळू फावड्याने ओढली, आणि स्वतः बसून हळूच मागे घेऊन गाडी बाहेर काढली. पाच मिनिटांचं काम, पण मागे गाड्यांची रांग लागली होती.

तुमच्या केसमध्ये माझा सल्ला: सेल्फ ड्राईव्ह नको. दिराला वाळूवर चालवायचा सराव असेल तरच.

अबोली_पुणे
बापरे पाणकावळा, इतकं सविस्तर! धन्यवाद. दिराला सराव नाहीये, त्याच्याकडे छोटी हॅचबॅक आहे. तुम्ही 'दिवस' म्हणताय, एका दिवसात होतं का सगळं?

मृगजळ
सगळं नाही होत पण जे बघायचं ते होतं. आम्ही आईबाबांना आणि मुलीला (तेव्हा पाच वर्षांची) घेऊन गेलो होतो, हर्वी बेला मुक्काम करून फोर व्हील ड्राईव्ह बसची टूर घेतली. बस म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली उंच बस, चढायला पायऱ्या उंच आहेत, आईला हात द्यावा लागला, पण सीट चांगल्या. पाणकावळा म्हणतात ते खरं, आतल्या ट्रॅकवर हाडं खिळखिळी होतात, आईने मांडीवर उशी घेतली होती आणि ती उशी शेवटी पाठीमागे गेली.

पण मुद्दा असा की ड्रायव्हर भरती-ओहोटी बघतो, तुम्ही खिडकीतून बाहेर बघता. लेक मॅकेंझी, सेंट्रल स्टेशनचं (रेल्वेचं नव्हे, लाकूडतोडीच्या काळातलं जुनं ठाणं) रेनफॉरेस्ट, ईलाय क्रीक, माहेनो जहाजाचा सांगाडा, एवढं साधारण एका दिवसाच्या टूरमध्ये येतं. जेवण देतात, व्हेज आधी सांगून ठेवा. संडास ठिकठिकाणी आहेत आणि ठीकठाक स्वच्छ आहेत (सासूबाईंना सांगा).

मुक्काम करायचा तर पश्चिम बाजूला किंगफिशर बेला मोठं रिसॉर्ट आहे, हर्वी बेजवळच्या रिव्हर हेड्सहून फेरीबोट जाते, साधारण पाऊण-एक तास. तिथे राहून टूर घेता येते, गाडीची गरजच नाही. वयस्कर माणसं असतील तर मी हेच करीन.

ईलाय क्रीकबद्दल वेगळं लिहिते कारण आमच्या बाबांची सगळ्यात आवडती जागा ती ठरली. लाकडी फळ्यांच्या वाटेने वर चालत जायचं, टोकाला पायऱ्या उतरून पाण्यात शिरायचं आणि प्रवाहावर अंग सोडून द्यायचं, पाणी स्वतः तुम्हाला समुद्राकडे नेतं. मांडीइतकंच पाणी, तळाची वाळू स्वच्छ दिसते, दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली. पाणी बर्फगार. बाबा धोतर-बंडीवाले नाहीत पण अगदी कडक मास्तर, ते रबरी ट्यूबमध्ये बसून गोल गोल फिरत खाली आले आणि लगेच परत वर चालायला लागले. मुलीला परत काढायला त्रास झाला नाही, बाबांना झाला.

शंकेखोर
वाळूच्या बेटावर गोड्या पाण्याचे ओढे आणि तळी? पाणी झिरपून जायला हवं ना? की जाहिरातीतला फोटो?

दगडधोंडे
शंकेखोर, झिरपतंच, आणि म्हणूनच ओढे आहेत. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, खाली भूजलाचा प्रचंड साठा तयार होतो (गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगून राहतं), आणि जिथे हा साठा जमिनीला छेदतो तिथून ईलायसारखे ओढे बारमाही वाहतात. आज जे पाणी ओढ्यात दिसतं ते कित्येक वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं.

तळ्यांची गंमत वेगळी. बेटावर शंभरावर गोड्या पाण्याची तळी आहेत. त्यातली बरीचशी 'पर्च्ड', म्हणजे भूजलाच्या पातळीच्या खूप वर, टेकड्यांच्या खळग्यात अधांतरी बसलेली. खळग्यात पाला कुजतो, त्यातली सेंद्रिय द्रव्यं वाळूचे कण एकमेकांना चिकटवतात आणि पाणी न सोडणारा कडक थर तयार होतो. जगातल्या अशा तळ्यांपैकी जवळपास निम्मी याच बेटावर आहेत आणि सगळ्यात मोठं, बुमनजिन, तेही इथलंच. मॅकेंझी समुद्रसपाटीपासून साधारण १०० मीटर उंचीवर आहे, त्याला ओढा मिळत नाही, नदी मिळत नाही, फक्त पाऊस. पाणी आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यं जवळजवळ शून्य म्हणून शेवाळं नाही, मासेही अगदी थोडे. तो निळा रंग फिल्टरचा नाही.

आणि वाळू तिथली नाहीच. न्यू साउथ वेल्सच्या बाजूच्या डोंगरांची झीज होऊन नद्यांनी समुद्रात आणलेली, लाटांनी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला ढकललेली. लाखो वर्षं हे चालू आहे. एकावर एक टेकड्या चढत गेल्या, काही दोनशे मीटरच्या वर. मला स्वतःला तळ्यापेक्षा जंगल जास्त चक्रावून टाकतं. निव्वळ वाळूवर ५० मीटर उंचीची झाडं! सगळं अन्न वरच्या पातळ पाचोळ्यात आणि बुरशीच्या धाग्यांत, खाली काही नाही. सेंट्रल स्टेशनला वांगुल्बा क्रीकच्या काठाने चाला, पाणी इतकं नितळ आणि मुकाट की वाहतंय हे कळायला पान पडावं लागतं, आणि काठावर किंग फर्न, पुरुषभर लांबीच्या पानांचे नेचे, अतिशय जुन्या वंशाचे. टूरवाले इथे घाई करतात. तुम्ही करू नका.

रिकामटेकडा
वाखूसा (वाचनखूण साठवली). दगडधोंडे यांनी वेगळा लेख लिहावा ही विनंती (परत एकदा).

अबोली_पुणे
दगडधोंडे, हे वाचून नवरा आता तंबूवर अजूनच अडलाय 🤦‍♀️ पण माझा मेन प्रश्न राहिलाच. डिंगो?

चिंचोका
डिंगो म्हणजे आपला गल्लीतला मोती हो, घाबरायचं काय. पोळी टाकायची, शेपूट हलवतो.

पाणकावळा
चिंचोका, गंमत कळली, पण कुणी खरं धरेल म्हणून लिहितो. नेमकं हेच करायचं नाही.

बेटावर शे-दोनशे डिंगो असतील, पाळीव कुत्र्यांशी त्यांची फारशी सरमिसळ झालेली नाही, आणि पाळीव कुत्रा बेटावर न्यायला बंदीच आहे. दिसायला तांबूस, सडपातळ, आणि पाहुण्याला तो उपाशी वाटतो. तो उपाशी नाही, त्याची चणच तशी. लोकांना दया येते, बिस्किट टाकतात, फोटो काढतात, आणि एकदा माणूस म्हणजे खाणं हे त्याला कळलं की तो अंगावर येऊन मागायला लागतो. मग कधीतरी चावतो. मग रेंजर त्याला मारतात. २००१ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला, त्यानंतर तीसेक डिंगो मारले गेले. म्हणून खायला घालणं, मुद्दाम जवळ जाणं याला जागच्या जागी दोन हजार डॉलरच्या वर दंड. २०२३ मध्ये दोन बायांना नुसत्या सेल्फीसाठी २३०० डॉलर प्रत्येकी पडले. त्याच वर्षी बीचवर जॉगिंग करणाऱ्या एका बाईला डिंगोंनी घेरून समुद्रात ढकललं, चांगलीच जखमी झाली, लोक मदतीला धावले म्हणून वाचली.

मुलासाठी नियम सोपे आहेत पण चोवीस तास पाळायचे. मूल हाताच्या अंतरावर, 'दहा पावलांवर खेळतोय' चालत नाही. पळायचं नाही, पळालं की त्याला पाठलागाचा खेळ वाटतो. एकट्याने चालायचं नाही, हातात काठी. डिंगो जवळ आला तर ताठ उभं राहायचं, तोंड त्याच्याकडे, हात छातीवर घडी, आणि हळूहळू मागे सरायचं, मूल लहान असेल तर कडेवर घ्यायचं. खाणं तंबूत ठेवायचं नाही, गाडीत काचा लावून किंवा कुलूपबंद पेटीत. टूथपेस्टसुद्धा. तळ्याच्या काठावर खायला बंदी आहे, खाण्यासाठी कुंपण घातलेली वेगळी जागा असते.

मृगजळ
याला दुजोरा. मॅकेंझीला कुंपणाच्या आत आम्ही सँडविच खात होतो आणि बाहेरून एक डिंगो चालत गेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघता, नाक जमिनीला, एका कानाचा तुकडा उडालेला. माझी मुलगी 'भू भू' म्हणून उठली तर बसच्या ड्रायव्हरने दोन ढांगांत येऊन तिच्यात आणि कुंपणात स्वतःला उभं केलं. कुंपण असूनसुद्धा! तो म्हणाला, हिला आत सवय लागली तर बाहेरही हेच करेल. मला पटलं.

घाबरून जाऊ नका पण. टूरमध्ये सगळे घोळक्याने असतात, तसा त्रास होत नाही. मार्च ते मे डिंगोंचा माजाचा काळ असतो तेव्हा जास्त सांभाळावं लागतं, तुम्ही सप्टेंबरमध्ये जाताय.

शंकेखोर
एक शंका. ब्रिस्बेनजवळच्या मोर्टन बेटावर टँगलूमा रिसॉर्टमध्ये रोज संध्याकाळी जंगली डॉल्फिनना पर्यटक स्वतःच्या हाताने मासे देतात, त्याचे पैसे घेतात, आणि ते 'निसर्गाचा अनुभव'. इकडे कुत्र्याला बिस्किट टाकलं की गुन्हा. डॉल्फिन सुंदर हसतो म्हणून त्याला वेगळा न्याय का?

पाणकावळा
चांगला प्रश्न आहे आणि इथेही लोक भांडतात यावरून. फरक इतकाच की तिथे परवानगी आहे, मोजून मासे देतात, दिवसाच्या गरजेच्या अगदी थोडे, आजारी माणसाला पाण्यात उतरू देत नाहीत, आणि डॉल्फिन पोट स्वतःच भरतो. डिंगोबाबत असा ताबा ठेवता येत नाही, बेटावर वर्षाला लाखो माणसं येतात. पण तत्त्व म्हणून मला डॉल्फिनला भरवणंही फारसं आवडत नाही. बायकोला आवडतं.

अबोलीताई, मोर्टन (मुलगुम्पिन) हा पर्याय सासूबाईंसाठी मात्र खरंच बघा. तेही वाळूचंच बेट, जगात तिसरं, ब्रिस्बेनहून फेरीने सव्वा तास. बुडवून ठेवलेल्या जुन्या जहाजांभोवती स्नॉर्कलिंग, वाळूच्या टेकडीवरून फळीवर पोटावर झोपून घसरायचं, सगळं रिसॉर्टच्या टप्प्यात. मात्र गारीचं जंगल आणि तळी तिथे नाहीत.

गुहागरकर
धागा वाचतोय आणि मनातल्या मनात धुमसतोय. आमच्याकडे शनिवार-रविवार पुण्या-मुंबईचे लोक गाड्या थेट पुळणीवर घालतात, भरती आली की रडतात, मग गावातला ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी बोलवा. वर परत रील टाकतात. आणि हे लोक जागतिक वारसा असलेल्या बेटाच्या किनाऱ्याला चक्क हायवे करतात? किनाऱ्याच्या वाळूत जीव असतात हो. कुर्ल्या, तिसऱ्या, सगळं चाकाखाली जातं. वेळासला कासवाच्या एकेका घरट्याला जाळी लावून लोकांनी पोरासारखं जपलं, आणि इथे ८० च्या स्पीडने गाड्या.

पाणकावळा
गुहागरकर, तुमचा राग बरोबर आहे, मी त्याला उत्तर नाही देऊ शकत. भुताळी खेकडे आणि तिथल्या पिपी नावाच्या तिसऱ्या गाड्यांच्या पट्ट्यात कमी होतात हे क्वीन्सलंडच्याच संशोधकांनी दाखवलंय. गाड्यांची संख्या बांधून घाला ही मागणी जुनी आहे आणि दर सुट्टीत नव्याने होते, कारण ईलायजवळ तेव्हा वाळू दिसत नाही, नुसती टपं दिसतात.

फरक एवढाच की परमिटशिवाय गाडी उतरत नाही, त्या पैशावर रेंजर आहेत, टेकड्यांवर गाडी घालायला बंदी आहे आणि ती पाळली जाते. पण चांगलं व्यवस्थापन म्हणजे नुकसान नाही असं नाही, हे मान्य.

गुहागरकर
मान्य केलंत हे बरं वाटलं. नाहीतर परदेशातलं सगळं गोड. तिथे कासवं येतात का?

दगडधोंडे
येतात. उत्तर टोकाला सँडी केपला लॉगरहेड आणि ग्रीन दोन्ही अंडी घालतात, पण तो उन्हाळा, नोव्हेंबरपासून पुढे. पर्यटकाला नीट बघायचं तर बंडाबर्गजवळ मॉन रेपोजला रेंजरबरोबर रात्रीची फेरी असते.

तुमच्या रागात थोडी भर घालतो. या बेटावर १८६३ पासून १९९१ पर्यंत लाकूडतोड चालली. सॅटिने नावाचं झाड, समुद्री किड्यांना दाद न देणारं लाकूड, ते सुएझ कालव्याच्या कामाला गेलं. नंतर वाळूतल्या खनिजांसाठी खाणी. १९७१ ला जॉन सिंक्लेअर या माणसाने बेट वाचवायला संघटना काढली, सरकार आणि कंपन्या दोघांशी कोर्टात भांडला, त्याच्या गावात त्याला वाळीत टाकल्यासारखं झालं कारण लोकांच्या नोकऱ्या त्यावर होत्या, आणि १९७६ च्या शेवटी खाणी बंद झाल्या. १९९२ ला युनेस्कोचा शिक्का. म्हणजे आज ज्याला आपण अस्पर्श निसर्ग म्हणून फोटो काढतो तो भांडून मिळवलेला आहे. आणि बुचुल्ला लोक, जे हजारो वर्षांपासून तिथले, त्यांचा जमिनीवरचा हक्क कोर्टाने मान्य केला तो २०१४ मध्ये, जुनं नाव सरकारदरबारी परत यायला २०२३ उजाडलं.

निवृत्त_काका
सासऱ्यांच्या वतीने विचारतो (मीही सासराच). देवमासे?

मृगजळ
काका, सप्टेंबर म्हणजे एकदम बरोबर वेळ. हंपबॅक अंटार्क्टिकाकडे परतताना हर्वी बेच्या उपसागरात थांबतात, बेटाची आडोशाची बाजू, पाणी शांत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात माद्या पिल्लं घेऊन येतात. हर्वी बेहून अर्ध्या दिवसाच्या बोटी निघतात. इथे ते नुसते ये-जा करत नाहीत, थांबून रेंगाळतात, त्यामुळे बोट बंद करून उभी केली की कधी कधी तेच जवळ येतात. आमच्या बोटीखालून एक मादी आडवी गेली, पंखाचा पांढरा भाग पाण्यातून हिरवट दिसत होता, आणि पिल्लू पलीकडून शेपटी आपटत होतं, आपटत होतं, थांबेचना. बोटीवरचे सगळे मोबाईल वर धरून, आमच्या आईने मात्र नमस्कार केला.

बोट लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्या, लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

दगडधोंडे
आणि हे मासे आपल्याला दिसतायत हेच नशीब. पाणकावळांनी वर टँगलूमाचं रिसॉर्ट म्हटलंय ना, तिथे १९५२ ते १९६२ देवमासे कापायचा कारखाना होता. पूर्व किनाऱ्यावरचे हंपबॅक काही शेकड्यांवर आले, कारखाना बंद पडला तो कायद्याने नाही, मासेच संपले म्हणून. आता परत हजारोंच्या घरात.

रिकामटेकडा
समुद्रात पोहायचं राहिलं की. एवढा मोठा बीच.

पाणकावळा
पूर्वेच्या समुद्रात नाही उतरायचं. जीवरक्षक नाहीत, ओढ जबरदस्त, शार्क भरपूर. वरती शॅम्पेन पूल्स म्हणून खडकातले नैसर्गिक हौद आहेत, लाट फुटून आत फेसाळते, तिथे बसता येतं, पण ते उत्तरेला, सगळ्या एका दिवसाच्या टूर तिथपर्यंत जात नाहीत. पोहायला तळी. तळ्यात जाताना सनस्क्रीन फासून जाऊ नका, त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला.

लेक वॅबीला गेलात तर (तासाभराच्या आतबाहेर चालणं, सासूबाईंना नको) वाळूच्या उतारावरून पळत येऊन सूर मारायचा मोह होतो, मुलाला अजिबात करू देऊ नका, खाली पाणी कुठे किती ते कळत नाही, मान मोडून जन्माचे अधू झालेले लोक आहेत. ते तळं हळूहळू वाळूखाली चाललंय, शेजारची टेकडी दर वर्षी थोडी थोडी आत सरकतेय. जंगलात अर्धी गाडलेली झाडं दिसतात.

चिंचोका
डिंगो, शार्क, भरती, सूर मारला तर मान, गाडी रुतली तर इन्शुरन्स नाही. लोक तिथे सुट्टीला जातात की परीक्षेला?

पाणकावळा
इन्स्किप पॉईंटचं सांगितलंच नाही अजून. दक्षिणेकडून फेरी पकडतात ती जागा. २०१५ मध्ये तिथे रात्री कॅम्पसाईटजवळची जमीन खचली, एक गाडी, कॅरॅव्हॅन, तंबू सगळं समुद्रात. माणसं वेळेत पळाली, कुणाला काही झालं नाही.

चिंचोका
😳 मी अलिबागला चाललो.

अबोली_पुणे
नवऱ्याला इन्स्किपचं वाचून दाखवलं, तंबूचा विषय मिटला. चिंचोका, पाणकावळा, दोघांचे आभार 😀

ठरलं ते असं: हर्वी बेला राहायचं, एक सकाळ देवमाशांची बोट, मग फेरीने किंगफिशर बेला मुक्काम आणि तिथून बसची टूर. सासूबाई टूरला आल्या तर आल्या, नाहीतर रिसॉर्टच्या धक्क्यावर बसतील म्हणाल्या. आता राहिलेल्या बारीक शंका. चुलीवर/शेकोटीवर काही करता येईल का, लेकाला मार्शमेलो भाजायचेत. आणि दशम्या-चटणी नेली तर चालेल ना?

पाणकावळा
शेकोटी विसरा. बेटावर शेकोटीला बंदी आहे, दोनच कॅम्पिंगच्या जागी ठरलेल्या लोखंडी कड्यात चालते, तीही लाकूड बाहेरून आणून, आणि कडक उन्हाळ्यात तीही बंद. २०२० मध्ये कुणीतरी बेकायदा शेकोटी पेटवून नीट न विझवता वाळू टाकून गेलं, ती आग दोन महिने चालली आणि जवळपास अर्धं बेट जळलं. मार्शमेलो दिराच्या ओव्हनमध्ये.

दशम्या बिनधास्त न्या. ब्रिस्बेनला करून न्या हं, भारतातून आणल्या तर विमानतळावर डिक्लेअर करायला लागतील. चटणीचा डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि कुंपणाच्या आत उघडा.

मृगजळ
आणि बुकिंग आत्ताच करा, सप्टेंबरच्या शेवटी क्वीन्सलंडच्या शाळांना सुट्ट्या लागतात, फेरी आणि खोल्या दोन्ही भरतात. तळ्याचं पाणी तेव्हा थंड असतं, लेकासाठी जाड टॉवेल आणि कोरडे कपडे बसमध्ये वर ठेवा, खाली डिकीत टाकले तर दिवसभर मिळत नाहीत.

निवृत्त_काका
सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. वाळूत गाडी कशी चालवतात ते त्यांना बघायचं असणार, मला माहितीये.

अबोली_पुणे
काका, त्यांनी ऑलरेडी विचारलंय की ड्रायव्हर किती पीएसआय ठेवतो 😀